रक्तदाब आणि आरोग्यशिक्षण

ज्या व्याधीत वेदना नाही तिच्याविषयी माणसाला सावध करणे हे आरोग्यशिक्षणातील सर्वांत अवघड काम होय. दात ठणकू लागला की मनुष्य आपण होऊन दवाखान्याची वाट धरतो. लेकराला ताप चढला की सारे घर जागे राहते. उच्च रक्तदाबाची तऱ्हा निराळी. तो वर्षानुवर्षे शरीरात बिनबोभाट नांदतो, आणि ज्यांच्या शरीरात तो नांदतो ते गृहस्थ रोज सकाळी कमाटीबागेत फेरी मारून, परतताना गाठियांचा पुडा घेऊन, मोठ्या समाधानाने निजामपुऱ्यातील आपल्या घरी येत असतात. त्यांना पहिली वर्दी मिळते ती कित्येकदा अर्धांगवायूच्या झटक्यानेच.

म्हणूनच या व्याधीच्या बाबतीत ‘लोकांना शिकवावे कसे?’ हा प्रश्न औषधाइतकाच महत्त्वाचा ठरला आहे, आणि गेल्या पन्नास वर्षांत त्यावर पुष्कळ संशोधन झाले आहे. त्या संशोधनाचा ओघ कोणत्या दिशेने वळत गेला, हे या लेखात पाहावयाचे आहे. विषय वैद्यकातला असला तरी तो शिक्षकाच्या आणि विद्यार्थ्याच्याही जिव्हाळ्याचा आहे, हे पुढे दिसून येईल.

प्रथम रक्तदाब म्हणजे काय ते पाहू. हृदय आकुंचन पावते तेव्हा रक्त जोराने वाहिन्यांत लोटले जाते. ते सैल पडते तेव्हा हा जोर ओसरतो. रक्ताचा वाहिन्यांच्या भिंतींवर पडणारा हा भार म्हणजे रक्तदाब. १८९६ साली रिव्हा-रोची या इटालियन वैद्याने दंडाभोवती हवेची पट्टी आवळून तो मोजण्याची युक्ती काढली; आणि १९०५ साली कोरोत्कोव या रशियन शल्यवैद्याने, पट्टी सैल करताना उमटणारे ध्वनी ऐकून वरचा व खालचा असे दोन्ही आकडे ठरविण्याची रीत दाखविली. हे आकडे पाऱ्याच्या स्तंभाच्या मिलिमीटरांत सांगतात. १२० आणि ८० च्या आसपासचा दाब स्वाभाविक समजतात. निरनिराळ्या दिवशी मोजूनही वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० च्या घरात वा त्याहून वर आढळला, तर त्यास सामान्यतः उच्च रक्तदाब म्हणतात. वाढलेल्या भाराखाली वाहिन्यांच्या भिंती जाड व ताठर होत जातात, हृदयाला अधिक श्रम पडतात, आणि मेंदू, मूत्रपिंडे व डोळ्यांचा पडदा यांतील सूक्ष्म वाहिन्या झिजू लागतात. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, १५ वर्षांवरील पुरुषांपैकी २४ टक्के आणि स्त्रियांपैकी २१ टक्क्यांहून थोड्या अधिक जणांचा दाब वाढलेला आढळला, किंवा ते त्यासाठी औषध घेत होते. स्थूलमानाने साडेचार माणसांमागे एक, असे हे प्रमाण पडते.

औषधांचा इतिहास येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. परंतु त्यातील एक पान मुंबईचे आहे, ते वगळवत नाही. सर्पगंधेची मुळी आपल्याकडील वैद्य पूर्वापार वापरीत असत. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती उच्च रक्तदाबाच्या रोग्यांना पद्धतशीरपणे देऊन पाहिली, आणि आपले निष्कर्ष १९४९ साली इंग्लंडमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्या लेखाने पाश्चात्त्य वैद्यांचे लक्ष या वनस्पतीकडे वळले, व १९५७ साली डॉ. वकिलांना अमेरिकेतील मानाचे लास्कर पारितोषिक मिळाले. (१९४९ हेच साल आपल्या बडोद्यातील महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयाच्या व वैद्यकीय महाविद्यालयाच्या स्थापनेचे आहे, हे जाता जाता लक्षात ठेवण्याजोगे.) पुढे याहून सौम्य व गुणकारी औषधे निघाली. १९६७ साली अमेरिकेतील एडवर्ड फ्राइस व त्यांच्या सहकाऱ्यांनी माजी सैनिकांवर प्रयोग करून असे दाखवून दिले की, फार वाढलेला रक्तदाब औषधाने उतरविला तर पुढील अनर्थ मोठ्या प्रमाणात टळतात. वैद्यकशास्त्राने आपली बाजू सिद्ध केली होती. आता रोग्याने गोळी घेतली की झाले, असेच कोणासही वाटले असते.

पण रोगी गोळी घेत नव्हता. दवाखान्यातून औषध घेऊन जाणाऱ्यांपैकी कितीतरी जण थोड्याच महिन्यांत ते सोडून देतात, असे जागोजागी आढळून येऊ लागले. यावर सर्वांना सुचलेला उपाय एकच होता: लोक अज्ञानी आहेत, त्यांना ज्ञान द्या. पत्रके काढा, व्याख्याने ठेवा, भिंतीवर चित्रे लावा. आरोग्यशिक्षण म्हणजे आरोग्याची माहिती, हे समीकरण तेव्हा इतके पक्के होते की ते तपासून पाहावे असेही फारसे कोणाच्या मनात आले नाही.

ते तपासून पाहिले कॅनडातील हॅमिल्टन शहरातल्या संशोधकांनी. तेथे पोलादाचा मोठा कारखाना आहे. मॅकमास्टर विश्वविद्यालयातील डेव्हिड सॅकेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या कारखान्यातील, रक्तदाब वाढलेले २३० कामगार निवडले आणि चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणे यदृच्छेने त्यांचे गट पाडले. एका गटाला उच्च रक्तदाब, त्याचे परिणाम व औषधांचे महत्त्व हा सारा विषय, पाठ पक्का होईपर्यंत शिकविण्यात आला. दुसऱ्याला तो शिकविला नाही. आणखी एक वाटणी अशी केली की, काहींना कारखान्यातच, कामाच्या वेळेत डॉक्टर भेटतील, आणि बाकीच्यांनी नेहमीप्रमाणे आपल्या घरच्या डॉक्टरांकडे जावे. सहा महिन्यांनंतर गोळ्या मोजण्यात आल्या. १९७५ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष आम्हा शिक्षकांनी तरी विसरू नये असा आहे. ज्यांना शिकविले होते त्यांचे ज्ञान निश्चितच वाढले होते. परीक्षेत ते उत्तम उतरले. परंतु गोळ्या घेण्याच्या बाबतीत ते न शिकविलेल्यांपेक्षा तसूभरही पुढे नव्हते. डॉक्टर दाराशी आणून ठेवल्यानेही काही फरक पडला नाही.

माझ्या व्यवसायाला हा निष्कर्ष झोंबणारा आहे, हे मी कबूल करते. आपण वर्गात शिकवितो, मुले उत्तरे लिहितात, आणि उत्तर बरोबर आले म्हणजे शिक्षण झाले असे आपण धरून चालतो. हॅमिल्टनच्या कामगारांचीही उत्तरे बरोबर होती.

त्याच संशोधकांनी पुढे जे केले ते मात्र आशादायक आहे. गोळ्याही नियमित नाहीत आणि दाबही आटोक्यात नाही, अशा ३८ कामगारांना घेऊन त्यांनी नवा प्रयोग मांडला व १९७६ साली तो प्रसिद्ध केला. या वेळी एका गटाला व्याख्यान दिले नाही. प्रत्येकाच्या हाती दाब मोजण्याचे उपकरण दिले, रोजचा आकडा व घेतलेली गोळी स्वतः तक्त्यात मांडावयास सांगितले, आणि गोळी त्याच्या एखाद्या रोजच्या सवयीला बांधून दिली: कोणी दाढीच्या वेळी, कोणी न्याहारीबरोबर. दर पंधरवड्याला एक व्यक्ती येऊन तक्ता पाही व दोन शब्द बोले. ही व्यक्ती डॉक्टर नव्हती, परिचारिकाही नव्हती. केवळ शालान्त शिक्षण झालेली होती. या गटातील कामगार गोळ्या घेऊ लागले आणि बहुतेकांचा दाब उतरला. ज्ञान तेच होते. फरक पडला तो आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याने, आणि कोणीतरी पुन्हा येऊन विचारणार आहे या जाणिवेने.

तेथूनच संशोधनाची दिशा पालटली. ‘काय सांगावे’ हा प्रश्न मागे पडला, आणि कोणी सांगावे, कोठे सांगावे, किती वेळा सांगावे, आणि सांगितल्यानंतर ती गोष्ट करणे त्या माणसाला शक्य आहे का, हे प्रश्न पुढे आले. या कारखान्यातून आणखी एक इशाराही मिळाला. ‘तुम्हाला रक्तदाब आहे’ असे सांगितल्यानंतर कामगारांच्या गैरहजेऱ्या वाढल्या, असे १९७८ साली दिसून आले. म्हणजे नुसती भीती घालणे हे निरुपयोगीच नव्हे, तर अपायकारकही ठरू शकते.

भीती घालूनही जे होत नाही ते समजुतीच्या एका घोटाळ्याने कसे घडते, याचे उदाहरण आमच्याच वसाहतीतले आहे. एक निवृत्त गृहस्थ दोन वर्षे नेमाने गोळी घेत होते. एके दिवशी दाब मोजला तो १२८ आणि ८० भरला. “अहो बाई, रक्तदाब उतरला, आता गोळी कशाला?” असे ते मला आनंदाने म्हणाले. मी परोपरीने सांगून पाहिले, त्यांच्या सूनबाईंनीही सांगितले. गोळीमुळे दाब उतरला आहे, व्याधी गेलेली नाही, हे वाक्य त्यांना पाठ होते. पण ताप उतरल्यावर औषध थांबवावयाचे हा जन्मभराचा अनुभव त्या वाक्याहून बलवत्तर ठरला. सात महिन्यांनी त्यांचा उजवा हात गेला. आता ते डाव्या हाताने सही करावयास शिकले आहेत.

आता आपल्या देशाकडे वळू. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकार, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद, जागतिक आरोग्य संघटना व राज्य सरकारे यांनी मिळून भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम हाती घेतला. प्रारंभी पाच राज्ये घेतली, त्यांत महाराष्ट्र होता. आणि महाराष्ट्रातील पहिल्या जिल्ह्यांत सातारा, वर्धा व भंडारा यांच्या जोडीला सिंधुदुर्ग होता. आम्हा कोकणी बोलणाऱ्यांना सिंधुदुर्ग दूरचा नाही. डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्या, दोन वाड्यांमध्ये व्हाळ, आणि तालुक्याच्या गावी जाऊन यावयाचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडालेली. अशा ठिकाणी ‘नियमित औषध घ्या’ हा उपदेश कितीही गोड शब्दांत केला तरी तो पाळावा कसा?

या उपक्रमाने उपदेशापेक्षा व्यवस्थेवर भर दिला. सर्व केंद्रांत औषधयोजना एकच आणि सोपी ठेवली. गोळ्या चार दिवसांच्या न देता महिनाभराच्या एकदम द्यावयाच्या, त्या संपू नयेत म्हणून साठ्यावर लक्ष ठेवावयाचे, दाब मोजण्याचे व पुढील गोळ्या देण्याचे काम घराजवळच्या उपकेंद्रातूनही व्हावयाचे, प्रत्येक रोग्याचा आकडा नोंदवून ठेवावयाचा, आणि जो ठरल्या दिवशी आला नाही त्याला दूरध्वनी करून अथवा घरी जाऊन विचारावयाचे. हॅमिल्टनचा तो तक्ता आणि ती पंधरवड्याची भेट यांचेच हे विस्तारलेले रूप होय. २०२२ साली या उपक्रमास संयुक्त राष्ट्रांचे पारितोषिक मिळाले. पारितोषिकापेक्षाही मला मोलाची वाटते ती वाडीवरच्या म्हातारीची वाचलेली मजुरी.

मग शिकविण्याला काहीच अर्थ नाही की काय? तसे मुळीच नाही. २०२० साली केरळ व आंध्र प्रदेशातील खेड्यांतून झालेल्या एका प्रयोगाची हकिगत प्रसिद्ध झाली. तेथे आशा कार्यकर्त्यांनी रक्तदाब असलेल्या गावकऱ्यांचे लहान गट करून तीन महिन्यांत, दर पंधरवड्याला एक अशा सहा बैठका घेतल्या. माहिती दिली, दाब मोजला, एकमेकांच्या अडचणी ऐकल्या. अशा बैठका न झालेल्या गावांच्या मानाने या गावांतील वरचा दाब सरासरी ५ मिलिमीटरने अधिक उतरला. त्याच वर्षी बांगलादेश, पाकिस्तान व श्रीलंका येथील ३० ग्रामीण वस्त्यांतल्या २,६४५ रोग्यांवरील दोन वर्षांच्या प्रयोगाचाही निष्कर्ष बाहेर आला. तेथे आरोग्यसेवक घरोघरी जाऊन दाब मोजीत, घरच्या मंडळींशी आहाराविषयी बोलत व जरूर तर डॉक्टरांकडे पाठवीत. फरक पुन्हा सुमारे ५ मिलिमीटरांचाच. पाच मिलिमीटर ऐकावयास क्षुल्लक वाटतात. परंतु वरचा दाब तेवढा उतरला तर हृदयविकार व पक्षाघातासारखे मोठे आघात सुमारे एक दशांशाने कमी होतात, असे अनेक प्रयोगांच्या एकत्रित गणितावरून २०२१ साली दाखविण्यात आले आहे.

सांगणारा कोण, याला किती महत्त्व आहे हे अमेरिकेतील एका प्रयोगाने मौजेने दाखविले. लॉस एंजेलिस शहरातील कृष्णवर्णीय पुरुष डॉक्टरकडे सहसा जात नाहीत, पण केशकर्तनालयात नेमाने जातात, आणि न्हाव्यावर त्यांचा पूर्ण विश्वास असतो. रोनाल्ड व्हिक्टर या डॉक्टरांनी अशी ५२ दुकाने निवडली व तेथे येणाऱ्या ३१९ रोग्यांचे, दुकानवार दोन भाग केले. काही दुकानांत न्हाव्याने आहारविहाराचा उपदेश करावा व डॉक्टरकडे जाण्यास सांगावे, एवढेच ठरले. इतर दुकानांत औषधशास्त्र शिकलेली व्यक्ती स्वतः येऊन, डॉक्टरांच्या संमतीने, तेथेच औषध ठरवून देई. सहा महिन्यांत पहिल्या गटाचा वरचा दाब सरासरी ९ मिलिमीटरांनी उतरला आणि दुसऱ्याचा २७ मिलिमीटरांनी! हा निष्कर्ष २०१८ सालचा आहे. विश्वासू माणसाचा शब्द उपयोगी पडतो, पण त्या शब्दाबरोबर उपायही हाताशी असला तर तो तिपटीने उपयोगी पडतो. आपल्याकडे गावोगावच्या पारावर आणि पानाच्या गादीवर जो विश्वास नांदतो त्याचा असा उपयोग करून पाहण्यास कोणाची हरकत असावी?

भ्रमणध्वनीवरून संदेश पाठविण्याचा मार्ग स्वस्त असल्याने त्याकडे सांप्रत बऱ्याच जणांचे डोळे लागले आहेत. दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन शहरात १,३७२ रोग्यांवर तो अजमावून पाहिला. २०१६ सालचा निष्कर्ष असा की दाब उतरला, पण सुमारे २ मिलिमीटरच; आणि रोग्याला उलट उत्तर देता येईल अशी सोय केल्याने अधिक लाभ झाला नाही. माणसाची जागा यंत्राला इतक्यात घेता येईल असे दिसत नाही.

विद्यार्थिमित्रहो, आता तुमच्याशी प्रत्यक्ष संबंध असलेल्या प्रयोगाकडे येतो. उत्तर चीनमधील चांगझी या भागातील २८ प्राथमिक शाळांत तो झाला आणि २०१५ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या शाळांतील, सुमारे दहा वर्षे वयाच्या मुलांना एका सत्रात मिठाचे दुष्परिणाम व ते कमी करण्याच्या युक्त्या शिकविल्या, आणि घरी जाऊन ते धडे घरच्या मंडळींना द्यावयास सांगितले. शिकविले मुलांना, मोजमाप केले मुलांचे व त्यांच्या घरच्या वडीलधाऱ्यांचे. कोणी काय सांगितले यावर विसंबून न राहता चोवीस तासांच्या लघवीतील क्षार मोजले, म्हणून या प्रयोगाला विशेष वजन आहे. ज्यांना धडे मिळाले नव्हते त्यांच्या मानाने मोठ्या माणसांच्या पोटात जाणारे मीठ दिवसाला २.९ ग्रॅमने, म्हणजे जवळजवळ चतुर्थांशाने घटले, आणि त्यांचा वरचा दाब २.३ मिलिमीटरांनी उतरला. आजोबा डॉक्टरांचे ऐकत नाहीत, आजी सूनबाईंचे ऐकत नाही; पण नातवंडाने ताटातले लोणचे बाजूला सारले तर दोघेही हसून गप्प बसतात. संशोधकांनी हे आकड्यांनी सिद्ध केले, इतकेच.

मिठाचे कारण उघड आहे. त्यातील सोडियम शरीरात पाणी धरून ठेवतो. वाहिन्यांतील द्रव वाढतो व भिंतींवरचा भारही वाढतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसास दिवसाला ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे चहाचा सपाट चमचाभरच, मीठ सांगते. आपल्या देशातील पाहण्यांत ते ८ ग्रॅमच्या वर आढळले आहे. तुमच्या घरचा हिशेब तुम्हाला सहज करता येईल. मिठाचा एक किलोचा पुडा किती दिवस पुरतो ते पाहा व त्याला जेवणाऱ्या माणसांनी भागा. पाच माणसांच्या घरी तो २० दिवसांत संपत असेल, तर माणशी रोजचे १० ग्रॅम झाले. भाज्या धुण्यात वाया जाणारे थोडे त्यातून वजा करावे. पण पापड, लोणचे, फरसाण व सेव-उसळीवरची शेव यांतले विकतचे मीठ त्यात आलेलेच नाही, हेही ध्यानात ठेवावे. गाठिया हलका व्हावा म्हणून त्यात जो पापडखार घालतात, त्यातही सोडियम असतोच, तो मात्र जिभेला खारट लागत नाही. आमच्या कोकणी घरांतही काही वेगळे नाही: पेज कितीही सात्त्विक असली तरी तिच्याबरोबरचा सुक्या बांगड्याचा तुकडा मिठातच मुरलेला असतो.

सैंधव हे रक्तदाबाला चालते, असा समज आपल्याकडे फार रूढ आहे. सैंधवही बहुतांशी तेच सोडियमचे मीठ होय, आणि बहुधा त्यात आयोडीन घातलेले नसते. याउलट, ज्यातील चतुर्थांश सोडियमच्या जागी पोटॅशियमचा क्षार घातला आहे असे मीठ चीनमधील ६०० खेड्यांतून सुमारे पाच वर्षे वापरून पाहिले, तेव्हा पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आढळले. हा निष्कर्ष २०२१ सालचा आहे. मात्र मूत्रपिंडे अधू असलेल्या माणसास हे मीठ अपायकारक ठरू शकते, म्हणून ते डॉक्टरांना विचारल्याखेरीज घरी आणू नये.

दाब मोजतानाही काही पथ्ये आहेत. पाच मिनिटे स्वस्थ बसल्यावाचून मोजू नये. पाठ टेकलेली, पावले जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर असावा. अर्धा तास आधी चहा किंवा तंबाखू नको, आणि मोजताना बोलणे नको. आपल्या आजी-आजोबांचा आकडा तारखेसह एका वहीत लिहून ठेवण्याचे काम आठवी-नववीतील कोणत्याही मुलाला किंवा मुलीला करता येईल. हॅमिल्टनमधल्या त्या मदतनीसाचे शिक्षण तुमच्याहून फार अधिक नव्हते. आणि बाजारातून फरसाणाचे पाकीट आणाल तेव्हा त्यावरील बारीक अक्षरांतले सोडियमचे मिलिग्रॅम वाचा. त्यांना अडीचने गुणले की मिठाचे मिलिग्रॅम मिळतात. १०० ग्रॅममागे ८०० मिलिग्रॅम सोडियम लिहिला असेल, तर ते २ ग्रॅम मीठ झाले; आणि १०० ग्रॅमचे पाकीट आपल्याकडे सहसा एका बैठकीत संपते.